न दुखणारा पाय



पाड्यांवर गृहभेटीला गेल्यावर मधुमेह असलेल्यांना मी आधी पाय दाखवायला सांगते. बहुतेक जण म्हणतात, "पाय कशाला बाई? काहीच दुखत नाही." मधुमेहात हेच वाक्य कधी कधी काळजीचे असते.

रक्तातली साखर अनेक वर्षे वाढलेली राहिली की नसा आणि नसांना रक्त पुरवणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या खराब होतात. सर्वांत लांब नसा पायांच्या बोटांपर्यंत जातात, म्हणून सुरुवात बहुधा तिथेच होते. मुंग्या येतात, रात्री तळव्यांची आग होते, कापसावर चालल्यासारखे वाटते. पुढे पाय बधिर होतो. घाम कमी झाल्याने टाचांना भेगा पडतात. काहींना तर आधी कसलाच त्रास जाणवत नाही.

वेदना नसेल तर काय होते, हे कुष्ठरोगाच्या कामातून कळले. डॉ. पॉल ब्रँड १९४६ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरुग्णांची बोटे आपोआप झडतात, असा तेव्हा समज होता. बधिर हातापायांना भाजते, कापते, ते कळत नाही आणि जखमेवरच काम चालू राहते, म्हणून बोटे जातात, हे त्यांनी दाखवून दिले. पुढे अमेरिकेत हेच ज्ञान मधुमेहींच्या पायांसाठी उपयोगी पडले.

आमच्या एका आजोबांच्या टाचेत बाभळीचा काटा मोडून पू झाला होता. ते त्याच पायाने भात झोडायला जात होते. त्याच दिवशी दवाखान्यात नेले, म्हणून पाय वाचला.

घरी एक सोपी तपासणी करता येते. रुग्णाला डोळे मिटायला सांगा. दोन्ही पायांचा अंगठा, मधले बोट आणि करंगळी यांच्या टोकाला एक-दोन सेकंद हलकेच स्पर्श करा, दाबू नका. सहांपैकी दोन किंवा अधिक ठिकाणी कळले नाही, तर डॉक्टरांना दाखवा.

खराब झालेली नस सहसा पूर्ववत होत नाही. पण साखर ताब्यात ठेवली तर नुकसान पुढे वाढण्याचा वेग कमी होतो, आणि आग होत असेल तर डॉक्टर गोळ्या देतात. बाकीचे काम घरचे आहे:

• रोज तळवे आणि बोटांच्या बेचक्या पाहा. दिसत नसेल तर नातवंडांना पाहायला सांगा.
• पाय धुऊन बेचक्या कोरड्या करा. टाचांना खोबरेल लावा, बेचक्यांत नको.
• शेकोटीवर किंवा गरम पाण्याने पाय शेकू नका.
• कुरूप ब्लेडने कापू नका. नखे सरळ कापा.
• घरातही अनवाणी चालू नका. चप्पल झटकून घाला.
• तंबाखू-विडी सोडा.
• फोड, जखम, सूज किंवा काळा डाग दिसला तर दुखत नसला तरी त्याच दिवशी दवाखाना गाठा.

मंडळीतल्या सर्वांना एक विनंती. पाड्यांसाठी चपला देताना झिजलेल्या जुन्या देऊ नका. मऊ तळाच्या, मागे पट्टा असलेल्या, मापाच्या नव्या द्या. आणि आपल्या मंडळीतल्या मधुमेही वडीलधाऱ्यांना भेटाल तेव्हा त्यांचे पाय जरूर पाहा. पवित्र गुरुवारी आपण शिष्यांचे पाय धुणाऱ्या प्रभूची आठवण करतो. त्यामुळे कुणाचे पाय हातात घ्यायला आपल्याला संकोच वाटू नये.