दया आणि भागी : दलित ख्रिस्ती मंडळीचा विचार

दलितांच्या धर्मांतराचा विचार आपण १४ ऑक्टोबर १९५६ या दिवसापासून करतो, आणि ते योग्यच आहे. त्या दिवशी लाखो माणसांनी आपल्या इतिहासाचा ताबा स्वतःकडे घेतला. मात्र महाराष्ट्राच्या काही भागांत, विशेषतः अहमदनगर (आता अहिल्यानगर) व जालना या जिल्ह्यांत, महारवाड्याने आणि मांगवाड्याने एकोणिसाव्या शतकातच आणखी एक धर्मांतर पाहिले होते. त्याचे वारस आजही आपल्या शेजारी राहतात. एकाच वस्तीत बुद्धविहार आहे आणि प्रार्थनामंदिरही आहे. एका घरात ‘जय भीम’ होतो, तर चुलत्याच्या घरात ‘सलाम’ होतो. लग्नाकार्यात आणि मरणादारी दोन्ही घरे एकत्र येतात. चळवळीच्या वैचारिक मांडणीत मात्र हे चुलतघर सहसा दिसत नाही.

या ख्रिस्ती बांधवांविषयी दोन मते ऐकू येतात. सवर्ण म्हणतो, ‘पोटासाठी बाटले.’ आपला कार्यकर्ता थोड्या सभ्य भाषेत म्हणतो, ‘मिशनच्या दयेवर वाढले.’ दोन्ही मतांत एक गृहीत समान आहे. हा माणूस केवळ घेणारा होता, त्याने स्वतः काही घडविले नाही, असे दोघेही मानतात. हे गृहीत तपासून पाहणे हा या लेखाचा हेतू आहे. त्यासाठी मिशनऱ्यांच्या बंगल्याकडे न पाहता वस्तीतल्या मंडळीकडे पाहिले पाहिजे.

मंडळी म्हणजे काय?

मराठी प्रॉटेस्टंट ख्रिस्ती लोक ‘चर्च’ला मंडळी म्हणतात, कॅथलिक लोक स्थानिक घटकाला धर्मग्राम म्हणतात. मंडळी हा शब्द इमारतीचा वाचक नाही, जमलेल्या माणसांचा आहे. दर रविवारी एकत्र बसणारी, आपल्यातून पंच निवडणारी, पाळकाला पोसणारी, वर्गणीचा हिशोब ठेवणारी आणि आपले मृत स्वतः पुरणारी माणसे म्हणजे मंडळी. गावकीत ज्यांना चावडीच्या पायरीखाली उभे राहावे लागे, त्यांना बसून बोलण्याचा, मत देण्याचा आणि हिशोब विचारण्याचा सराव येथे झाला.

अमेरिकन मराठी मिशनने १८३१ मध्ये नगरला ठाणे मांडले. १८४२ मध्ये तेथूनच ‘ज्ञानोदय’ निघू लागला. याच पत्रात १८५५ साली मुक्ता साळवे या मांग समाजातील मुलीचा महारमांगांच्या दुःखाविषयीचा निबंध प्रसिद्ध झाला. मुक्ता ही फुले दांपत्याच्या शाळेची विद्यार्थिनी. सावित्रीबाईंनी अध्यापनाचे धडे ज्यांच्याकडे घेतले, त्या सिंथिया फरारबाई नगरच्या मिशनमधल्याच. ही साखळी सांगायची ती मिशनच्या गौरवासाठी नव्हे. अस्पृश्य मुलीचा शब्द छापण्याजोगा आहे, हे मानणारी जागा त्या काळात किती दुर्मीळ होती, हे ध्यानात यावे म्हणून.

जालन्याजवळ नारायण शेषाद्री यांनी ‘बेथेल’ ही वसाहत उभी केली. शेषाद्री स्वतः ब्राह्मण कुळातून ख्रिस्ती झालेले. वसाहतीत मात्र मुख्यत्वे महार आणि मांग कुटुंबे आली. पुढे १८७६ ते १८७८ च्या दुष्काळात दख्खनमधील अनेक वस्त्या ख्रिस्ती झाल्या. ‘पोटासाठी बाटले’ हा टोमणा याच काळाकडे बोट दाखवितो. भुकेल्या माणसाने अन्न देणाऱ्याकडे जावे, यात लाज कोणाची? ज्याने पाणवठा बंद केला, धान्याचे पेव बंद केले, त्याची की जो जगण्यासाठी दुसऱ्या दारी गेला त्याची?

घेणारा हात आणि देणारा हात

महारकीचे वर्णन आपल्या साहित्यात विपुल आहे. येसकराची पाळी, हातातली काठी, जोहार घालून दारोदार भाकर मागणे, मेलेले ढोर ओढणे. बलुतेदारीत महाराचा हात हा कायम पसरलेला हात होता. काम त्याचे, पण मोबदला भिकेच्या रूपात. बाबासाहेबांनी १९२८ मध्ये महार वतनाविरुद्ध विधेयक आणले ते याच कारणाने. कनिष्ठ वतने रद्द करणारा कायदा मात्र १९५८ मध्ये आला.

या पार्श्वभूमीवर मंडळीतील ‘दान’ या प्रथेचा अर्थ नीट समजतो. उपासनेच्या शेवटी दानाची पिशवी फिरते. कापणीच्या सणाला ज्याच्या त्याच्या ऐपतीप्रमाणे कोणी पायलीभर बाजरी आणतो, कोणी कोंबडी, कोणी चार अंडी. मग त्या जिनसांचा लिलाव होतो आणि पैसा मंडळीच्या खात्यात जमा होतो. बाहेरून पाहणाऱ्याला ही गंमत वाटते. परंतु ज्याच्या बापाने आयुष्यभर भाकर मागितली, तो येथे देणारा झालेला असतो. त्याच्या नावासमोर वहीत आकडा मांडला जातो. माणूसपणाची जाणीव मिळालेल्या दानातून येत नाही, दुसऱ्याला काही देण्याची पात्रता आली की येते. मंडळीतील परस्परांची दया हिचे सामर्थ्य येथे आहे. बाळंतिणीला डबा, आजाऱ्याजवळ रात्रीची जाग, मयताच्या घरी तीन दिवस चूल न पेटू देता शेजाऱ्यांनी नेलेले जेवण, ही कामे करणारे हात त्याच वस्तीतले असतात.

कॅथलिक धर्मग्रामांत संत व्हिन्सेंट डी पॉल सोसायटी काम करते. १८३३ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्याने व त्याच्या सोबत्यांनी ती सुरू केली. सभासद नियमाने भेटतात, दोघादोघांनी गरजूंच्या घरी जातात आणि सभेत पिशवीतून गुप्तपणे वर्गणी गोळा करतात. कोणी किती दिले ते कोणाला कळत नाही. मदतीत देणाऱ्याचा बडेजाव आणि घेणाऱ्याची मानखंडना टाळण्यासाठी ही तजवीज आहे. आपल्या संस्थांमधील फलक, हारतुरे आणि देणगीदारांच्या नावांच्या फरशा आठवल्या, म्हणजे या साध्या पिशवीचे मोल कळते.

याहून मोठी गोष्ट प्रभुभोजनाची. एक भाकर आणि एक पेला सर्वांनी वाटून घ्यावा, असा त्या विधीचा मूळ अर्थ आहे. ज्या देशात पाण्यासाठी महाडचा सत्याग्रह करावा लागला, तेथे एका पेल्याला ओठ लावणे ही केवळ धार्मिक गोष्ट राहत नाही. म्हणूनच या पंक्तीत भेद शिरला की सगळा विधी पोकळ होतो. हे ओळखणारा पहिला टीकाकार ख्रिस्ती परंपरेतच आहे. पौलाने करिंथच्या मंडळीला याच मुद्द्यावर फटकारले. तुमच्यातले सधन आधी खाऊन घेतात आणि गरीब उपाशी राहतात, मग याला प्रभूचे भोजन का म्हणावे, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे.

आशा : थांबणारी आणि उठविणारी

विश्वास, आशा आणि प्रीती असे तीन शब्द पौल एकत्र घेतो. यांतील आशा हा शब्द दलितांच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. आजचे दुःख हे मागल्या जन्माचे फळ, असे ज्याला पिढ्यान्‌पिढ्या सांगितले गेले, त्याच्या मनात आशेला जागाच उरत नाही; उरते ते केवळ भोगणे. मंडळीत त्याने दुसरी गोष्ट ऐकली. मिसर देशात विटा पाडणारे गुलाम एका रात्री निघाले आणि मोकळे झाले, ही ती गोष्ट. अरविंद निर्मळ यांनी ऐंशीच्या दशकात दलित ईश्वरविद्येची मांडणी केली, तिच्या मुळाशी हेच सूत्र आहे. जे कोणीच नव्हते त्यांचा एक जनसमूह झाला, या इस्राएली स्मृतीत त्यांना दलितांची कहाणी दिसली.

परंतु आशा दुधारी असते. ‘येथे सोसा, स्वर्गात मिळेल’ असे सांगणारी आशा माणसाला थांबवून ठेवते. ‘हे असे राहणार नाही, उठा’ असे सांगणारी आशा त्याला चालायला लावते. दोन्ही आशा एकाच व्यासपीठावरून, एकाच पुस्तकाच्या आधाराने सांगितल्या गेल्या आहेत. कोणती सांगितली जाते, हे सांगणारा कोणाच्या बाजूने उभा आहे यावर ठरते.

दयेची मर्यादा

या ठिकाणी बाबासाहेबांची टीका प्रामाणिकपणे समोर ठेवली पाहिजे. अस्पृश्यांचे ख्रिस्तीकरण व धर्मांतरिताची स्थिती या विषयांवरचे त्यांचे लेख त्यांच्या हयातीनंतर, शासनाने १९८९ मध्ये काढलेल्या इंग्रजी पाचव्या खंडात प्रसिद्ध झाले. मिशनऱ्यांची सेवा त्यांनी नाकारली नाही. त्यांचा आक्षेप तीन गोष्टींवर आहे. मिशनची विद्यालये व रुग्णालये यांचा मोठा लाभ उच्चवर्णीयांनी घेतला. धर्मांतर झाले तरी मंडळीत जात शिल्लक राहिली. आणि माणसाची अधोगती त्याच्या पापामुळे होते, या शिकवणीने समाजाच्या अन्यायाविरुद्ध उभे राहण्याची ऊर्मी मंदावली.

तिन्ही आक्षेप आजही खोडता येत नाहीत. महार ख्रिस्ती आणि मांग ख्रिस्ती यांच्यात सोयरीक करताना अजून कुरकुर होते. मिशनरी गेल्यावर मागे राहिलेल्या जमिनी व बंगले यांवरून विश्वस्तांचे कोर्टकज्जे चालू राहतात आणि वस्तीतली मंडळी गळक्या छपराखाली गाते. वरून येणारी दया सवयीची झाली की खालचा माणूस अर्जदार होतो. महारवाड्यातून सुटलेला हात मिशनच्या कचेरीसमोर पुन्हा पसरला जातो. नारायण वामन टिळकांना हा धोका दिसला होता. १९१७ मध्ये त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि ‘देवाचा दरबार’ स्थापन केला.

दयेला न्यायाचे वळण कसे मिळते, याचे उत्तरही मंडळीच्या आरंभीच्या इतिहासात आहे. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात एक प्रसंग नोंदला आहे. यरुशलेमच्या मंडळीत रोज अन्नवाटप होई. ग्रीक भाषा बोलणाऱ्या विधवांना त्यात डावलले जाते, अशी कुरकुर झाली. प्रेषितांनी ती दडपली नाही. त्यांनी सर्वांना बोलावले आणि वाटपासाठी सात माणसे निवडायला सांगितली. म्हणजे मंडळीतील सेवकांचे काम भेदभावाविरुद्धच्या तक्रारीतून जन्मले. जेथे तक्रारीला जागा आहे तेथेच दया माणसाला उभे करते. जेथे तक्रार म्हणजे कृतघ्नपणा ठरते, तेथे ती दया नसून नवी वतनदारी असते.

आपल्याच मुलखात याचे एक ठळक उदाहरण जामखेडला घडले. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे या ख्रिस्ती दांपत्याने १९७० मध्ये तेथे ग्रामीण आरोग्याचे काम सुरू केले. त्यांनी गावोगावच्या बायांना, त्यांत अनेक दलित व निरक्षर, आरोग्य कार्यकर्त्या म्हणून तयार केले. सत्तरीच्या सुरुवातीच्या दुष्काळात विंधन विहिरी घेताना त्या दलित वस्तीत लागाव्यात, असा त्यांचा आग्रह राहिला. पाण्यासाठी आता गावाला वस्तीत यावे लागले. येथे दयेने जागा बदलली. ज्याच्यावर दया करायची तोच पाणी देणारा झाला.

नोंदवही आणि दाखला

मंडळीत बाप्तिस्म्याची, लग्नाची आणि मरणाची नोंदवही असते. ज्यांना गाव धोंड्या, दगड्या म्हणून हाक मारी, त्यांचे संपूर्ण नाव बापाच्या नावासह पहिल्यांदा या वहीत लिहिले गेले. आज तीच वही त्यांच्या विरोधात पुरावा म्हणून उभी राहते. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये त्यात शीख आले, आणि दीर्घ लढ्यानंतर १९९० मध्ये बौद्ध आले. ख्रिस्ती आणि मुसलमान दलित बाहेरच राहिले. सुसाई खटल्यात १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, धर्मांतरानंतरही जातीमुळे येणारी वंचितता तितकीच तीव्र राहते याचा पुरावा हवा, असे म्हटले. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये हा दर्जा धर्मनिरपेक्ष करावा अशी शिफारस केली. २०२२ मध्ये न्या. बालकृष्णन आयोग नेमला गेला. अनुसूचित जातीचा दर्जा नाही म्हणून १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे संरक्षणही नाही. मारणारा जात पाहून मारतो, कायदा मात्र धर्म पाहून तक्रार घेतो.

या अन्यायाचा परिणाम मंडळीच्या विश्वासावरही झाला. कागदावर एक धर्म आणि रविवारी दुसरा, अशी दुहेरी जिंदगी अनेक कुटुंबे जगतात. त्यांना दांभिक म्हणणे सोपे आहे. नव्वदपूर्वीच्या नवबौद्धांना दाखल्यासाठी काय काय लिहावे लागले, हे ज्यांना आठवते ते तरी तसे म्हणणार नाहीत.

आपण काय करावे?

कार्यकर्त्यांनी ख्रिस्ती दलितांचा हा प्रश्न आपला मानला पाहिजे. बौद्धांना १९९० मध्ये जे मिळाले ते ज्या तर्काने मिळाले, तोच तर्क चुलतघराला लागू आहे. आरक्षणातला घास कमी होईल ही भीती खरी आहे. तिच्यावर उघड चर्चा व्हावी, वाटा वाढवून मागावा, पण भावाला पंक्तीतून उठवू नये. मंडळीच्या पंचांनीही आपल्या पंक्तीतील जात नाव घेऊन बोलून दाखवावी आणि मालमत्तेचा हिशोब वस्तीसमोर मांडावा.

शिक्षक व विद्यार्थ्यांसाठी एक वेगळे काम आहे. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे सोवळ्यातून बाहेर पडणाऱ्या ब्राह्मण स्त्रीचा ख्रिस्ती प्रवास मराठीला ठाऊक झाला. त्याच मंडळीत तिच्या शेजारी बसलेल्या महार-मांग बाईने त्या पेल्याला ओठ लावताना काय अनुभवले, ते फारसे लिहिले गेले नाही. त्या पिढीच्या नाती आणि पणत्या आज म्हाताऱ्या आहेत. त्यांच्याकडे वही-पेन्सिल घेऊन जावे. त्यांना मिशनने काय दिले हे विचारावेच. पण त्याआधी विचारावे, की आजी, तुम्ही मंडळीला काय दिले?