हँडब्रेक ढिला होतो तो चाकापाशी

मोटारीचा हँडब्रेक ही मागची चाके केवळ यांत्रिक ओढीने जखडून ठेवणारी व्यवस्था आहे. पायाच्या ब्रेकचा दाब ऑइलमार्फत चाकांपर्यंत पोचतो, हँडब्रेकचा ऑइलशी संबंध नसतो. दोन आसनांमधला दांडा वर ओढला की त्याला जोडलेली सळई एक आडवी पट्टी खेचते आणि त्या पट्टीपासून निघालेल्या दोन पोलादी केबली मागच्या दोन चाकांकडे जातात. भारतातल्या बहुतेक छोट्या गाड्यांना मागे ड्रम ब्रेक असतात. तिथे केबल ड्रमच्या आतली एक लहान पट्टी ओढते, ती पट्टी दोन्ही शू बाहेर रेटते आणि शूंवरचे लायनर ड्रमच्या आतल्या भिंतीला घट्ट टेकतात. दांड्याच्या बुडाशी असलेली खिटी दातेरी पट्टीत अडकून ही ओढ टिकवते. दांडा ओढताना ऐकू येणारे खटके त्या खिटीचेच.

हँडब्रेकबद्दलचा सर्वांत पसरलेला गैरसमज असा की दांडा फार वर यायला लागला म्हणजे केबल ताणली गेली, आणि दांड्याखालचा नट आवळला की काम संपले. नवी केबल सुरुवातीला थोडी सैल पडते हे खरे, पण एकदा बसलेली पोलादी केबल फारशी लांबत नाही. झिजतात ते लायनर. लायनर झिजले की शू आणि ड्रम यांच्यातली फट वाढते, आणि ती भरून काढण्यासाठी दांड्याला जास्त खटके घ्यावे लागतात.

ही फट आपोआप कमी करण्यासाठी दोन शूंच्या मध्ये एक ॲडजस्टर बसवलेला असतो. फट ठराविक मर्यादेपलीकडे गेली की त्याचा दात एकेक घर पुढे सरकतो आणि तो किंचित लांब होतो. काही गाड्यांत हे पायाचा ब्रेक दाबल्यावर घडते, काहींत रिव्हर्समध्ये ब्रेक लावल्यावर, तर काहींत हँडब्रेक ओढल्या-सोडल्यावर. यासाठी एक अट मात्र पाळली जावी लागते: ब्रेक सोडल्यावर शू पूर्ण मागे यायला हवेत आणि आतली लहान पट्टी आपल्या मूळ टेकूवर बसायला हवी. नट आवळून केबल कायमची ताणून ठेवली तर ती पट्टी टेकूपासून उचललेलीच राहते. मग ॲडजस्टरला वाढलेली फट कळत नाही आणि तो सरकायचा थांबतो. लायनर आणखी झिजतात, नट पुन्हा आवळला जातो, आणि शेवटी आवळायला आटेच उरत नाहीत. दरम्यान शू ड्रमला सतत घासत राहतात, चाक तापते, इंधन जास्त जळते आणि लायनरचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होऊन त्याची पकड जाते. म्हणून जुळवणी चाकापासून सुरू करायची असते आणि दांड्यापाशी संपवायची असते. घरच्या घरी केलेल्या दुरुस्त्या बिघडतात त्या बहुधा हा क्रम उलटा केल्यामुळे.

कामाला हात घालण्यापूर्वीचा गैरसमज अधिक धोक्याचा आहे. जॅक लावला की गाडी सुरक्षित, असे अनेकांना वाटते. जॅक गाडी उचलण्यासाठी असतो. उचललेली गाडी तोलून धरण्याचे काम पक्क्या स्टँडचे. विटांची रास स्टँडची जागा घेऊ शकत नाही, वीट भाराखाली अचानक फुटते. या कामात आणखी एक अडचण आहे: एरवी गाडी रोखून धरणारा हँडब्रेकच इथे सोडावा लागतो आणि मागची चाके हवेत असतात. त्यामुळे सपाट, टणक जमिनीवर गाडी उभी करून पुढच्या दोन्ही चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावल्याशिवाय जॅकला हात लावू नये. पुढची चाके ओढणाऱ्या गाडीत, म्हणजे आजच्या बहुतेक हॅचबॅकमध्ये, गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवल्याने पुढची चाके अडतात. ओम्नी किंवा बोलेरोसारख्या मागची चाके ओढणाऱ्या गाडीत गिअरचा हा उपयोग होत नाही. तिथे मागची चाके फिरवून पाहण्यासाठी गाडी न्यूट्रलच हवी, म्हणजे सगळी भिस्त ठोकळ्यांवर असते.

जुळवणीची सुरुवात केबलीचा नट पूर्ण सैल करून होते. ड्रम काढल्यावर लायनरची जाडी आणि ड्रमची आतली बाजू पाहावी. ड्रम जास्तीत जास्त किती मोठ्या व्यासापर्यंत झिजू द्यायचा ते बहुधा ड्रमवरच कोरलेले असते. लायनर मर्यादेपेक्षा पातळ झाले असतील तर जुळवणीला अर्थ नाही. शू बदलावे लागतात, आणि तेही दोन्ही चाकांचे एकदम. एका वेळी एकच बाजू उघडावी, म्हणजे स्प्रिंगा कुठे नि कशा बसतात ते दुसऱ्या चाकावर पाहता येते. ॲडजस्टर गंजून अडकला असेल तर तो साफ करून त्याच्या आट्यांना उष्णता सोसणारे ग्रीस अगदी किंचित लावतात. ग्रीसचा थेंब लायनरवर पडला तर तो लायनर गेलाच म्हणायचा. चाकातल्या सिलिंडरमधून किंवा ॲक्सलच्या सीलमधून गळती होऊन शू ओले झाले असतील, तर आधी गळती थांबवावी लागते.

लायनरची काळी भुकटी तोंडाने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवणे ही गॅरेजातली जुनी सवय आहे, आणि ती निरुपद्रवी समजली जाते. जुन्या किंवा अनोळखी बनावटीच्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतो, आणि त्याचे तंतू फुप्फुसात गेले तर अनेक वर्षांनी कर्करोगासारखे आजार होऊ शकतात. भुकटी ओल्या फडक्याने किंवा ब्रेक क्लीनरने भिजवून पुसावी.

ड्रम पुन्हा बसवल्यावर ॲडजस्टर हाताने जुळवण्याची सोय असेल, तर मागच्या पत्र्यातल्या भोकातून स्क्रूड्रायव्हरने त्याचे दातेरी चाक फिरवतात. ड्रम अडेपर्यंत शू बाहेर आणायचे आणि मग चाक मोकळे फिरेपर्यंत काही दात मागे घ्यायचे. पायाच्या ब्रेकने सरकणारा ॲडजस्टर असेल तर पॅडल अनेक वेळा पूर्ण दाबावे लागते. मगच केबलीकडे वळायचे. दांडा तीन-चार वेळा पूर्ण ओढून सोडला की केबल आपल्या जागी बसते. त्यानंतर दांड्यापाशी किंवा गाडीखाली असलेला नट थोडा थोडा आवळायचा. दांडा पूर्ण खाली असताना दोन्ही चाके न घासता मोकळी फिरली पाहिजेत आणि ठरलेल्या खटक्यांना ती हाताने हलता कामा नयेत. अनेक छोट्या गाड्यांत ही संख्या 4 ते 9 यांच्या दरम्यान असते. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. शेवटी लॉकनट घट्ट करायचा.

एक चाक धरते आणि दुसरे सैल राहते तेव्हा नट आणखी आवळण्याचा मोह होतो. आडवी पट्टी दोन्ही केबलींना सारखी ओढ देण्यासाठीच असते. ती तिरकी दिसत असेल तर एका बाजूची केबल अडकली आहे किंवा त्या बाजूची फट वेगळी आहे. ओढ सारखी असूनही एक चाक सुटत असेल तर तिथला लायनर तेलकट झालेला असण्याची शक्यता मोठी. अडकलेल्या केबलीत तेल सोडणे हा उपायही फसवा आहे. आवरणाला चीर पडून आत पाणी गेले की आतले धागे गंजतात, आणि तेलाने मिळणारा मोकळेपणा काही दिवसच टिकतो. शिवाय हे तेल ओघळत ड्रमपर्यंत जाऊ शकते. अशी केबल बदलावीच लागते.

मागे डिस्क असलेल्या गाड्यांनाही हेच सगळे लागू आहे असे मानू नये. काही गाड्यांत डिस्कच्या मधल्या वाटीत छोटा ड्रम असतो, तिथे वरची पद्धत बरीचशी चालते. काहींत केबल कॅलिपरमधल्या आट्यांच्या यंत्रणेला ओढते. तिथे पॅड बदलताना पिस्टन सरळ दाबून आत जात नाही, फिरवत आत घ्यावा लागतो. बळ लावले तर आतली यंत्रणा मोडते. बटणावर चालणाऱ्या इलेक्ट्रिक पार्किंग ब्रेकमध्ये मोटर आणि छोटे गिअर असतात. उत्पादकाने सांगितलेल्या पद्धतीने, बहुधा स्कॅनर जोडून, तो दुरुस्तीच्या स्थितीत आणल्याशिवाय कॅलिपर उघडू नये. हे काम वर्कशॉपकडे देणे इष्ट.

डिस्कच्या हँडब्रेकबाबत आणखी एक गोष्ट फारशी ठाऊक नसते. लांबलचक घाट उतरून आलेल्या गाडीची डिस्क आणि पॅड तापून फुगलेले असतात. त्याच वेळी हँडब्रेक हलका ओढला तर गार होताना ते आकसतात, पकड सैल पडते, आणि उतारावरची गाडी मालक निघून गेल्यावर घरंगळू शकते. ड्रम मात्र थंड होताना आतल्या शूंवरच आकसतो, म्हणून तिथे हा धोका कमी. काही इलेक्ट्रिक ब्रेक याच कारणाने थोड्या वेळाने स्वतःहून पुन्हा आवळले जातात.

गिअरमध्ये ठेवलेली गाडी हलत नाही, मग हँडब्रेक कशाला, हा समज चढावर उघडा पडतो. इंजिनाच्या सिलिंडरमधला दाब हळूहळू निसटतो आणि गाडी झटक्या-झटक्याने सरकू शकते. ऑटोमॅटिक गाडीत 'पी' स्थितीत एक छोटी खिटी गिअरबॉक्समध्ये अडकते आणि उतारावर सगळा भार तिच्यावर येतो. म्हणून पाय ब्रेकवर असतानाच आधी हँडब्रेक ओढावा आणि नंतर 'पी' निवडावे.

उलट बाजूचा समज असा की हँडब्रेक हा पायाच्या ब्रेकइतकाच समर्थ दुसरा ब्रेक आहे. तो फक्त मागच्या चाकांवर चालतो, आणि गती कमी होताना गाडीचे वजन पुढे सरकत असल्याने मागच्या चाकांची पकड नेमकी तेव्हाच घटते. धावत्या गाडीत तो जोरात ओढला तर मागची चाके जाम होऊन गाडी फिरू शकते. पायाचा ब्रेक निकामी झालाच तर दांड्याच्या टोकाचे बटण दाबून धरत, हळूहळू ओढत-सोडत त्याचा वापर करावा. त्याचे खरे काम उभ्या गाडीला धरणे हे आहे. संयुक्त राष्ट्रांच्या 13-एच क्रमांकाच्या ब्रेक-नियमानुसार भरलेली मोटार 20 टक्के चढावर आणि उतारावर हँडब्रेकने उभी राहिली पाहिजे, आणि त्यासाठी हाताने 400 न्यूटनपेक्षा, म्हणजे सुमारे 41 किलो भारापेक्षा, जास्त जोर लागता कामा नये. 20 टक्के म्हणजे साधारण 11 अंशांचा चढ. त्यावर 1,000 किलोच्या गाडीला खाली खेचणारी ओढ जवळपास 196 किलो भाराइतकी असते.

मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात हँडब्रेक लावून दोन-तीन आठवडे उभी ठेवलेली गाडी हलेनाशी होते, आणि दोष केबलीला दिला जातो. पुष्कळदा केबल सुटलेली असते, पण ओलसर लायनर गंजलेल्या ड्रमला चिकटलेले असतात. इंजिनाचा जोर लावून चाक सोडवायला गेल्यास लायनर शूपासून उखडू शकतो. गाडी हळूच मागे-पुढे करून किंवा ड्रमवर लाकडी हातोड्याने ठोकून तो बहुधा सुटतो. लांब मुक्कामासाठी सपाट जागेवर गिअर आणि चाकांना ठोकळे लावून हँडब्रेक मोकळा ठेवतात.

डॅशबोर्डवरचा लाल दिवाही फक्त हँडब्रेकचा नसतो. दांडा पूर्ण खाली असूनही तो पेटत असेल तर ब्रेक ऑइलची पातळी खाली गेलेली असू शकते, आणि त्यामागे गळती किंवा झिजलेले पॅड असतात. नुसते ऑइल भरल्याने दिवा विझतो, कारण तसेच राहते.

जुळवणीची परीक्षा रहदारी नसलेल्या उतारावर घेतात. पायाचा ब्रेक दाबून गाडी न्यूट्रल करायची, हँडब्रेक ओढायचा, आणि पाय पॅडलच्या वरच ठेवून दाब हळूहळू कमी करायचा. गाडीचे तोंड वर आणि खाली अशा दोन्ही स्थितींत ती जागची हलता कामा नये. मग काही किलोमीटर चालवून मागच्या दोन्ही चाकांजवळ हात न्यावा, चटका बसेल म्हणून न टेकवता. एक चाक दुसऱ्यापेक्षा बरेच गरम लागले तर तिथे शू घासत आहे आणि त्या चाकाची जुळवणी पुन्हा करावी लागेल. नवे शू घातले असतील तर लायनर ड्रमच्या गोलाईला बसेपर्यंत खटके एखाद-दोनने वाढतात. म्हणून काही शे किलोमीटरनंतर ते एकदा पुन्हा मोजावे लागतात.