पित्ताच्या कॅप्सूलमधले दुसरे औषध

लग्नाची जेवणावळ झाली, एकादशीची साबुदाणा खिचडी अंगावर आली किंवा रात्रपाळीत तिसरा चहा झाला आणि छातीत जळजळू लागले, की बहुतेक घरांत एकच वाक्य ऐकू येते, ‘ती पित्ताची गोळी घे.’ ही गोळी पुष्कळदा कॅप्सूल असते आणि तिच्या नावापुढे ‘डी’ किंवा ‘डीएसआर’ अशी अक्षरे असतात. घेणाऱ्याच्या लेखी ते नावाचेच शेपूट. प्रत्यक्षात त्या अक्षरांमागे एक वेगळे औषध असते.

पॅन्टोप्राझोल, राबेप्राझोल, ओमेप्राझोल ही सगळी एकाच कुळातली. जठराच्या अस्तरातील पेशींमध्ये आम्ल बाहेर टाकणारे सूक्ष्म पंप असतात, ते ही औषधे बंद पाडतात. कॅप्सूलमधला दुसरा घटक म्हणजे डोम्पेरिडोन. तो जठरातले अन्न पुढे ढकलायला मदत करतो आणि मळमळ, उलटी थांबवतो. आम्ल कमी करणे हे त्याचे कामच नाही. बाजारातल्या नेहमीच्या कॅप्सूलमध्ये ४० मिलिग्रॅम पॅन्टोप्राझोल आणि ३० मिलिग्रॅम डोम्पेरिडोन असते. हे डोम्पेरिडोन हळूहळू विरघळणाऱ्या स्वरूपात असते, म्हणून ‘एसआर’.

अडचण अशी, की या दोन औषधांची मुदत वेगवेगळी आहे. पॅन्टोप्राझोल साधारणतः चार ते आठ आठवडे देतात आणि काही रुग्णांना डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्याहून जास्त काळही द्यावे लागते. डोम्पेरिडोन मात्र थोड्या दिवसांचे औषध. युरोपच्या औषध नियामक संस्थेने २०१४मध्ये त्यावर बंधने घातली. ते फक्त मळमळ-उलटीसाठी द्यावे, प्रौढांना १० मिलिग्रॅम दिवसातून जास्तीत जास्त तीन वेळा आणि शक्यतो आठवड्यापेक्षा जास्त नाही, असे ठरले. या हिशेबाने एकाच कॅप्सूलमध्ये दिवसाची कमाल मात्रा संपते. आपल्याकडे ‘सकाळी एक, संध्याकाळी एक’ घेणारे आणि महिनोन्महिने घेणारे कितीतरी लोक आहेत.

एवढी सावधगिरी हृदयासाठी आहे. प्रत्येक ठोक्यानंतर हृदयाच्या स्नायूला पुढच्या ठोक्यासाठी विद्युतदृष्ट्या पुन्हा सज्ज व्हावे लागते. ईसीजीवर हा काळ ‘क्यूटी’ या अंतरातून मोजतात. डोम्पेरिडोनमुळे हे अंतर लांबू शकते आणि ते फार लांबले, तर हृदयाची लय बिघडून जिवावर बेतू शकते. हे औषध शिरेतून देण्याचा प्रकार याच कारणाने १९८०च्या दशकात मागे घेण्यात आला. तोंडाने घेताना हा धोका क्वचितच उद्भवतो, हे खरे. पण साठी ओलांडलेल्यांना, दिवसाला ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त घेणाऱ्यांना आणि हृदयविकार किंवा यकृताचा आजार असलेल्यांना तो अधिक असतो. चार दिवस एखादी कॅप्सूल घेतलेल्या तरुणाने घाबरण्याचे कारण नाही. वर्षभर रोज घेणाऱ्या आजोबांनी मात्र डॉक्टरांना दाखवायला हवे.

सोबतच्या औषधांनी हे गणित आणखी बिघडते. क्लॅरिथ्रोमायसिन, एरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके आणि फ्लुकोनॅझोल, इट्राकोनॅझोल ही बुरशीवरची औषधे यकृतात डोम्पेरिडोनचा निचरा अडवतात. परिणामी त्याचे रक्तातले प्रमाण वाढते. सध्या गजकर्णासाठी अनेक जण कित्येक आठवडे इट्राकोनॅझोल घेतात, त्याने पोटात जळजळ झाली की जोडीला पित्ताची कॅप्सूल येते. इट्राकोनॅझोलची नेहमीची कॅप्सूल नीट शोषली जायला जठरात आम्ल लागते. म्हणजे पॅन्टोप्राझोलमुळे गजकर्णाचे औषध कमी लागू पडते आणि गजकर्णाच्या औषधामुळे डोम्पेरिडोन अंगात साठते. शिवाय आम्ल कमी करणारी औषधे दीर्घकाळ घेतल्यास काहींच्या रक्तातले मॅग्नेशियम उतरते, लघवी वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर अधिकच. मॅग्नेशियम उतरले, की ‘क्यूटी’ लांबण्याला हातभारच लागतो.

सरकारी रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात वयस्कर रुग्ण पिशवी टेबलावर रिकामी करतात, तेव्हा त्यात हृदयाच्या डॉक्टरांची चिठ्ठी, हाडांच्या डॉक्टरांची चिठ्ठी आणि दोन वेगळ्या रंगांच्या, वेगळ्या नावांच्या स्ट्रिपा निघतात. दोन्हींत औषध तेच. ॲस्पिरिन किंवा वेदनाशामकांबरोबर पोटाच्या संरक्षणासाठी पॅन्टोप्राझोल देतात, तेव्हा साधी गोळी पुरते. तिथे डोम्पेरिडोनचे काही काम नसते. चिठ्ठीवर साधे लिहिलेले असताना ‘तेच आहे, घ्या’ म्हणत मेडिकलवाल्याने ‘डी’ हातात ठेवली, तर ती परत करावी. ते तेच नसते. मळमळ होते, थोडे खाल्ले तरी पोट गच्च वाटते, अशांना जोड-औषधाचा उपयोग होऊ शकतो. ते किती दिवस घ्यायचे, हे चिठ्ठीवर लिहून मागावे. डोम्पेरिडोनमुळे स्त्रियांची पाळी अनियमित होऊ शकते, स्तनांतून स्राव येऊ शकतो, पुरुषांच्या छातीला सूज येऊ शकते. लाजेपोटी हे सांगितले जात नाही आणि भलत्याच तपासण्या सुरू होतात.

कॅप्सूल घ्यायची ती न्याहारीपूर्वी अर्धा ते एक तास, अख्खी गिळून. जेवणानंतर जळजळ झाली म्हणून तेव्हा घेण्यात फारसा अर्थ नाही, कारण हे औषध लगेच आराम देणारे नव्हे. थायरॉईडची गोळीही उपाशीपोटीच असते. आम्ल कमी झाल्याने तिचे शोषण घटू शकते. दोन्ही चालू असतील तर काही आठवड्यांनी टीएसएच तपासून घ्यावे. वर्षानुवर्षे घेणाऱ्यांनी जीवनसत्त्व बी-१२ तपासावे, शाकाहारी असल्यास नक्कीच.

अनेक महिने घेतलेले आम्ल कमी करणारे औषध एकदम बंद केले, की काही दिवस आम्ल उसळी मारते. जळजळ आधीपेक्षा जास्त होते आणि रुग्णाची समजूत होते, की आता हे जन्माचेच दुखणे. तसे नसते. डॉक्टरांच्या सल्ल्याने मात्रा हळूहळू उतरवली, रात्रीचे जेवण झोपेच्या तीन तास आधी घेतले, तंबाखू सोडली, की बऱ्याच जणांची सुटका होते.

काळी डांबरासारखी शौचास होणे, रक्ताची उलटी, गिळताना घास अडकणे, कारण नसताना वजन उतरणे यांवर घरी उपाय करत बसू नये. एन्डोस्कोपी लागू शकते. छातीत दडपण येऊन घाम फुटला, धाप लागली किंवा दुखणे हातात, जबड्यात गेले, तर ‘गॅस असेल’ म्हणून कॅप्सूलचा परिणाम पाहत थांबू नये. मधुमेही आणि वयस्कर रुग्णांत कधी कधी नुसतीच मळमळ आणि छातीच्या खाली अस्वस्थता असते. अशा वेळी १०८ क्रमांकावर फोन करून ईसीजीची सोय असलेले रुग्णालय गाठावे आणि चालू औषधांच्या स्ट्रिपा बरोबर न्याव्यात.