औंढ्याची लहर जगापर्यंत पोचणार कशी?

वाळूज : हिंगोली जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ गुरुत्वीय लहरी टिपणारी लायगो-इंडिया वेधशाळा होतेय. केंद्राने एप्रिल २०२३ मध्ये २,६०० कोटी मंजूर केले. पण लहर आकाशात नेमकी कुठून आली, हे एकट्या वेधशाळेला कळत नाही. अमेरिका, इटलीतल्या नोंदी जोडून बघाव्या लागतात, त्याही लगेच.

भारतात संशोधन संस्थांसाठी नॅशनल नॉलेज नेटवर्क आहे, युरोपात जेआँ, अमेरिकेत इंटरनेट-टू. प्रत्येकाचा मालक वेगळा, वरती कुणी एक साहेब नाही. करार करून ती एकमेकांना जोडलेली आहेत.

अडचण आपल्या शिवारातलीच समजा. विहिरीपासून चार इंची पाइपलाइन आणली, मधल्या एकाने आपल्या बांधात दोन इंची टाकली, की शेवटच्याला पाणी तेवढंच. अन् विचारलं तर जो तो म्हणणार, 'माझ्याकडं सगळं ठीक आहे.' म्हणून ही नेटवर्कं परफसोनार नावाचं सॉफ्टवेअर वापरतात. या टोकापासून त्या टोकापर्यंत वेग मोजायचा, अडलंय कुठं ते शोधायचं.

१७ ऑगस्ट २०१७ ला दोन न्यूट्रॉन तारे धडकल्याची लहर आली. तीन वेधशाळांच्या नोंदी जुळवल्या आणि साधारण ११ तासांत दुर्बिणीला ती जागा सापडली. तिथला निळसर उजेड काही दिवसांतच विझला.