चेहऱ्यावरचा रंगवलेला उजेड

नाक बसके दिसते की सरळ, हे त्याच्या उंचीइतकेच त्यावर पडणाऱ्या उजेडावरही ठरते. प्रकाशाला थेट सामोरा असलेला पृष्ठभाग उजळ दिसतो आणि तिरका होत जाईल तसा मंदावतो. योहान लॅम्बर्ट यांनी १७६० मध्ये हा नियम गणितात मांडला. मेंदू तेच गणित उलट्या बाजूने सोडवतो आणि उजेडाच्या चढउतारावरून उंचसखलपणा ताडतो. असे करताना प्रकाश वरून येतो हे त्याने धरूनच चाललेले असते. व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत हे स्पष्ट दिसते. वर उजळ आणि खाली गडद होत जाणारे वर्तुळ फुगीर भासते, तेच उलटे केले की खळगा वाटतो.

रंगभूषाकार नेमका याचाच उपयोग करतो. बसक्या नाकाच्या दांडीवर तो उजळ रंगाची अरुंद, सरळ रेघ ओढतो आणि दोन्ही बाजूंना गडद छटा देतो. रुंद जबड्याचे कोपरे आणि हनुवटीखालचा भाग गडद छटेने मागे सरतात. खोल डोळ्यांच्या पापण्यांना उजळ रंग लागतो, तर बटबटीत डोळ्यांना बिनचमकीचा गडद. मात्र खरी कसोटी कडा मिसळण्यात आहे. गोलसर पृष्ठभागावर उजेड हळूहळू ओसरतो. तिथे ठळक कड दिसली, की मेंदू तिला सावली न समजता डाग समजतो. छटाही करडट तपकिरी हवी. तांबूस पावडरीने त्वचा उन्हात रापल्यासारखी दिसते, खोलगट नाही.

गोऱ्या त्वचेसाठी बेतलेली कृती सावळ्या चेहऱ्यावर जशीच्या तशी उतरवणे मात्र चूकच. त्वचेत शिरून परतणारा प्रकाश मेलॅनिन हे त्वचेतील रंगद्रव्य शोषून घेते. त्वचेच्या वरच्या थरावरूनच परावर्तित होणारा, समोरून पडलेल्या प्रकाशाचा सुमारे चार ते पाच टक्के भाग, हा वर्णावर फारसा अवलंबून नसतो. त्यामुळे सावळ्या त्वचेवर गडद छटेला वाव कमी उरतो आणि उठाव आणण्याचे काम मुख्यतः चमक करते.

रंगवलेली सावली जागची हलत नाही, हीच तिची मर्यादा. समोरून पडणारा फ्लॅश खऱ्या सावल्या पुसून टाकतो, म्हणून छायाचित्रात ही युक्ती उत्तम साधते. खिडकीच्या बाजूने उजेड आला, तर खरी आणि रंगवलेली सावली एकमेकींशी भांडतात. बाजूने पाहिल्यावर तर नाकाचा आकार त्याची बाह्यरेषाच सांगते, तिथे रंगाचे काही चालत नाही. रंगभूषा कशी दिसेल, हे ती टिपणाऱ्या फिल्मवरही ठरते. मूकपटांच्या काळातील ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल रंग जवळजवळ दिसतच नसे. गालांवरची लाली पडद्यावर काळपट उमटून गाल बसलेले वाटत, म्हणून पडद्यासाठी निराळी रंगभूषा घडवावी लागली.

म्हणून लग्नमंडपातील दिव्यांसाठीची रंगभूषा तशाच दिव्यांखाली आणि दिवसाच्या समारंभाची दिवसाच्या उजेडात तपासून घ्यावी.