हमीपत्राचा दर ठेकेदाराच्या वह्या ठरवतात

पुणे-नाशिक महामार्गाने नारायणगाव सोडून आळेफाट्याकडे निघालं की वाटेत पिंपळवंडी लागते. अशा गावातला ठेकेदार शाळाखोलीचं, पाणंद रस्त्याचं किंवा कुकडीच्या एखाद्या चारीच्या दुरुस्तीचं सरकारी काम घेतो, तेव्हा त्याला आधी सुरक्षा अनामत द्यावी लागते. काम अर्धवट टाकून तो निघून गेला तर खात्याचं नुकसान त्यातून भरून निघावं, हा हेतू. पूर्वी ही हमी मुदत ठेवीच्या पावतीने किंवा बँक गॅरंटीने दिली जाई. १ एप्रिल २०२२ पासून विमा नियामकाच्या मार्गदर्शक सूचनांनुसार विमा कंपन्यांनाही असं हमीपत्र, म्हणजे शुअरिटी बाँड, देता येऊ लागलं. त्याच वर्षी १९ डिसेंबरला नितीन गडकरी यांच्या हस्ते देशातलं पहिलं असं विमा उत्पादन बाजारात आलं, तेही पुण्यात मुख्यालय असलेल्या बजाज अलियान्झ कंपनीचं. ठेकेदाराचा पहिला प्रश्न अर्थातच एक असतो: याला पैसे किती पडतात?

हमीची रक्कम किती असावी, हे काम देणारं खातं निविदेत ठरवतं. त्या रकमेवर शेकडा किती हप्ता घ्यायचा, हे मात्र विमा कंपनी ठरवते, आणि खरी मेख इथेच आहे. मोटारीच्या विम्यात कंपनी धरूनच चालते की हजार गाड्यांतल्या काही धडकणार. उरलेल्यांच्या हप्त्यांतून ती भरपाई देते. हमीपत्रात नुकसान होणारच नाही असं वाटलं तरच कंपनी सही करते. १८७२ च्या भारतीय करार कायद्याच्या कलम १२६ मध्ये हमीच्या कराराचे तीन पक्ष सांगितले आहेत: हमीदार (इथे विमा कंपनी), मूळ ऋणको (ठेकेदार) आणि धनको (खातं). कलम १४५ नुसार हमीदाराने रीतसर भरलेले पैसे तो मूळ ऋणकोकडून वसूल करू शकतो. म्हणजे हप्ता भरला म्हणून ठेकेदार सुटत नाही. खात्याला दिलेली रक्कम कंपनी त्याच्याकडेच मागणार. त्यामुळे हा दर धोक्याच्या सरासरीपेक्षा त्या माणसाच्या पतीवर अधिक ठरतो, आणि तो उसन्या पैशावरच्या व्याजाच्या अधिक जवळचा आहे.

ही पत कंपनी कशी जोखते? लेखापरीक्षित ताळेबंद, आयकर आणि जीएसटीची विवरणपत्रं, बँकेतली थकबाकी, याआधी पुरी केलेली कामं आणि हातात चालू असलेली कामं. दहा लाखांचीच कामं केलेल्या माणसाने एकदम दोन कोटींचं काम उचललं तर दर चढतो, नाहीतर नकार येतो. कामाची मुदत आणि त्यानंतरचा दोषदायित्वाचा काळ, म्हणजे निघालेले दोष ठेकेदाराने दुरुस्त करून द्यायचा काळ, लांबला की खर्च वाढतो. खात्याने नुसती मागणी करताच पैसे द्यायचे, अशी बिनशर्त हमी असेल तर जोखीम आणखी वाढते. अंदाजपत्रकापेक्षा फारच खाली दर भरून काम मिळवणाऱ्याला तर दुहेरी फटका बसतो. सार्वजनिक बांधकाम विभाग त्याच्याकडून वाढीव अनामत मागतो, आणि इतक्या कमी दरात हा काम पुरं कसं करणार, ही शंका कंपनीलाही येतेच. ती शंका रास्त आहे.

यावर आक्षेप असा की ठेवीचे पैसे व्याजासह परत मिळतात, हप्ता मात्र गेला तो गेलाच. हिशेब करून पाहू. समजा, एक कोटीचं काम आहे आणि अनामत ५ टक्के, म्हणजे ५ लाख. हमीपत्राचा वार्षिक दर २ टक्के धरला तर हप्ता १० हजार आणि १८ टक्के जीएसटी धरून ११,८००. तेच ५ लाख ७ टक्क्यांनी ठेवले तर वर्षाला ३५ हजार व्याज येईल. पण सिमेंट-खडीसाठी तेवढीच रक्कम १२ टक्क्यांनी उचलावी लागली तर ६० हजार जातील. फरक २५ हजारांचा. घरात पैसा पडून असेल तर ठेवच बरी. भांडवलाची ओढाताण असणाऱ्याला हमीपत्र स्वस्त पडतं. अर्थात कंपनीने त्यापोटी तारण किंवा मोठी रोख रक्कम अडकवून ठेवली तर हा फायदा बराचसा विरून जातो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: ही सोय मोठ्या कंपन्यांची, गावच्या ठेकेदाराला कोण विचारतो? यात तथ्य आहे. गावच्या पतसंस्थेला कर्जदार आणि त्याचा जामीनदार दोघेही ओळखीचे असतात. त्याचं शेत कुठे, शब्द कसा, हे संचालकांना विचारावं लागत नाही. शहरात बसून प्रस्ताव तपासणाऱ्याकडे हे ज्ञान नसतं. त्याला कागद दिसतो तेवढाच माणूस दिसतो, म्हणून रोखीत काम करून हिशेब डोक्यात ठेवणारा प्रामाणिक माणूसही त्याच्या लेखी धोक्याचा ठरतो. हा अन्याय आहे खरा, पण तो कमी करण्याचा एक उपाय ठेकेदाराच्या हाती आहे. पुरं केलेल्या प्रत्येक कामाचा दाखला खात्याकडून घ्यावा, व्यवहार बँकेतून करावेत आणि ताळेबंद वेळेवर तपासून घ्यावा.

निविदा भरण्याआधी तीन गोष्टी पाहा: विमा कंपनीचं हमीपत्र चालेल असं निविदेत लिहिलं आहे का, कंपनी हप्त्याखेरीज तारण किती मागते, आणि दोषदायित्वाच्या काळाचा हप्ता दरात धरला आहे की नाही.