जगदंबेच्या दारी त्यांचाही मान

आश्विन शुद्ध प्रतिपदेस घरोघर घट बसले की भोर आणि वेल्हे तालुक्यांच्या खोऱ्यांना निराळीच जाग येते. पावसाने झड सोडलेली असते, हळव्या भाताच्या लोंब्यांनी माना टाकलेल्या असतात आणि सकाळच्या धुक्यातून कोठल्यातरी राउळातील घंटेचा नाद खाचरांवरून तरंगत येतो. तोरण्यावर मेंगाई, राजगडावर पद्मावती, वरंध घाटात वाघजाई. आणि प्रत्येक वाडीची आपली म्हणून एक ग्रामदेवता आहेच. (वेल्हे तालुक्यास राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२४ साली घेतला, परंतु जुन्या माणसांच्या तोंडी अजून वेल्हेच आहे, आणि आम्हीही येथे तेच नाव योजिले आहे.) पोटासाठी पुण्या-मुंबईस गेलेली माणसे या दिवसांत गावाकडे येतात. वर्षभर कुलूप असलेल्या घरांच्या ओसरीवर दिवा लागतो. आरतीच्या वेळी देवळात उभे राहावयास जागा पुरत नाही.

आणि तरीही आरतीला सारे घर आले असता एखाद्या घरातील एक माणूस मागे राहिलेला असतो. वय वीस-बावीसचे, समज पाच-सहा वर्षांच्या मुलाची. त्याच्याबरोबर आई मागे राहते, किंवा आई देवळात येऊन आजी मागे राहते. कोणी विचारले तर “त्याला गर्दी सोसत नाही” असे उत्तर मिळते आणि विचारणाराही पुढे काही विचारीत नाही. आम्ही आज ज्या विषयाकडे भाविक वाचकांचे लक्ष वेधू इच्छितो तो हा मागे राहिलेल्या माणसाचा आहे.

त्याला आपली भाषा अनेक नावांनी हाक मारते. कोणी खुळा म्हणतो, कोणी वेडसर, मनाने मऊ असलेला कोणी भोळा म्हणतो. ग्रंथांतून व सरकारी कागदांतून पुष्कळ वर्षे ‘मतिमंद’ हा शब्द रूढ होता. आता ‘बौद्धिक अक्षमता’ असे म्हणतात. त्याच्या शेजारी आत्ममग्नता, म्हणजे स्वमग्न मुले, आणि मेंदूचा पक्षाघात या अवस्था येतात. २०११ च्या जनगणनेत देशातील अपंगांची संख्या २ कोटी ६८ लाख नोंदली गेली, तीत बौद्धिक अक्षमता असलेले सुमारे १५ लाख होते. ज्या घरांनी आपले मूल गणनेसाठी आलेल्या गुरुजींपासूनही लपविले असेल, ती या आकड्यात नाहीत हे उघड आहे.

लपविण्यामागे लोकांच्या हसण्याचे भय असते, धाकट्या बहिणीच्या सोयरिकीची काळजी असते. आणि सर्वांत खोल, कोणी उघड न बोललेली अशी एक शंका असते की हे आपल्याच कोठल्यातरी पापाचे फळ असावे. वैद्यकशास्त्र याविषयी पुष्कळ स्पष्ट सांगते. बाळंतपण अडून मुलाच्या मेंदूस प्राणवायू कमी पडणे, दिवस पुरे होण्यापूर्वी जन्म, मेंदूज्वर, जन्मतः थायरॉईड ग्रंथीची उणीव, गर्भारपणी आईस आयोडीन न मिळणे, एकविसाव्या गुणसूत्राची एक प्रत जास्त असणे, अशी ही कारणे आहेत. पुष्कळदा कारण सापडतही नाही. ज्यांची कर्मसिद्धान्तावर श्रद्धा आहे त्यांच्याशी वाद घालण्याचे आम्हांस प्रयोजन नाही. मात्र शेजाऱ्याच्या पूर्वकर्माचा हिशेब आपण मांडावा अशी आज्ञा कोणत्या शास्त्रात आहे, हे कोणी दाखवून दिल्यास आम्ही आभारी राहू.

महाराष्ट्राच्या संतपरंपरेने तरी हा हिशेब मांडला नाही. तेराव्या शतकात विदर्भातील ऋद्धिपूर येथे श्रीगोविंदप्रभू होऊन गेले. महानुभाव पंथीय त्यांना परमेश्वरावतार मानतात. म्हाइंभटांनी लिहिलेले त्यांचे चरित्र वाचताना आश्चर्य वाटते ते गावाचे. प्रभू कोणाच्याही घरात शिरत, मनास येईल ते उचलून खात, लहान मुलासारखे खेळत, रुसत, स्वतःशीच बोलत. गाव त्यांना पिसे म्हणे आणि त्याच तोंडाने मायबापही म्हणे. पण कोणत्याही घराचे दार त्यांना बंद झाले नाही. पुढे शेगावी २३ फेब्रुवारी १८७८ रोजी श्रीगजानन महाराज प्रथम दृष्टीस पडले ते उष्ट्या पत्रावळींवरील अन्नाचे कण वेचताना. पाहणाऱ्या पुष्कळांनी त्यांना वेडा ठरविले. बंकटलालाने मात्र थांबून विचारपूस केली. सत्पुरुष आणि मंदबुद्धीचे मूल एकच आहेत असे सुचविण्याचा आमचा हेतू मुळीच नाही. सांगावयाचे ते इतकेच की, ज्याचे वागणे आपल्यासारखे नाही त्याला दार उघडे ठेवण्याची रीत या भूमीस परकी नाही.

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. दार उघडे ठेवावयाचे म्हणजे त्याला मखरात बसवावयाचे नव्हे. एखाद्या भोळ्या मुलाच्या असंबद्ध बोलण्यातून कौल काढणे, त्याच्या पायांवर नारळ फोडणे, त्याच्या पुढ्यात पैसे जमविणे, असे प्रकार घडत आले आहेत. मतिमंद व्यक्तीच्या ठायी अलौकिक शक्ती आहे असे भासवून तिचा धंद्यासाठी उपयोग करणे हा महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरविला आहे, आणि भूत उतरविण्याच्या नावाखाली मारहाण करणे हाही. माजघरात कोंडलेला आणि मखरात बसविलेला, दोघेही गावात नसतातच. एक गावाच्या पाठीमागे असतो, दुसरा गावाच्या डोक्यावर. गावाच्या बरोबरीने चालण्याची संधी दोघांनाही मिळत नाही.

बरोबरीने चालण्याचा मार्ग आमच्या मते आपल्या ग्रामदैवतांच्या उत्सवातच आयता पडलेला आहे, आणि त्याचे नाव मान. पालखीचा मान या घराचा, मशालीचा त्या घराचा, ढोल अमक्यांचा, काठी तमक्यांची. रोहिडखोऱ्यापासून गुंजणमावळापर्यंत कोणत्याही गावी जाऊन विचारा, मानकऱ्यांची यादी तोंडपाठ सांगितली जाईल. तीवरून तंटेही होतात. मान म्हणजे केवळ गौरव नव्हे. ज्याचा मान आहे तो आला नाही तर उत्सव खोळंबतो, त्याच्या घरी माणूस धाडावा लागतो. आपली कोणीतरी वाट पाहत आहे, हे ज्या माणसाने आयुष्यात कधी अनुभवले नाही, त्याला असा एखादा मान नेमून देणे गावाच्या हाती आहे. जुने मान कोणाचे काढून घ्यावे लागत नाहीत. नवरात्रात कामे का थोडी असतात?

नऊ दिवस रोज त्याच वेळी घटाच्या मातीवर तेवढेच पाणी शिंपडावयाचे आहे. समईत तेल घालावयाचे आहे. आरतीस घंटा वाजवावयाची आहे, पायरीवर पाण्याचा हंडा भरून ठेवावयाचा आहे, प्रसादाच्या द्रोणांची चवड लावावयाची आहे, दसऱ्यास आपट्याची पाने मोजून जुड्या बांधावयाच्या आहेत. चंचल बुद्धीच्या शहाण्यास ज्या एकसुरीपणाचा कंटाळा येतो, तोच या मुलांच्या मनास आधार वाटतो. ठरलेली वेळ, ठरलेली जागा, ठरलेला क्रम असला की ती निर्धास्त होतात. आपला पूजाविधी तर क्रमाचाच बनलेला आहे. प्रथम काम दाखवावे, मग हात धरून करून घ्यावे, मग हात सोडून शेजारी उभे राहावे. घाई करू नये, आणि सूचना एका वेळी एकच द्यावी. पहिल्या वर्षी पाणी थोडे जास्त पडेल, धान्य कुजेलही. देवी त्यास रागावेल असे आम्हांस वाटत नाही. गुरव थोडा रागावेल, त्याची समजूत घालता येते.

उत्सवातून अशी वहिवाट कशी पडते, याचे एक जगप्रसिद्ध उदाहरण बेल्जम देशातील गेल या गावी आहे. तेथे संत डिम्फ्ना हिचे देवस्थान असून मनोरुग्णांना व मंदबुद्धीच्या माणसांना तिच्या दर्शनास आणण्याची प्रथा मध्ययुगापासून होती. त्यांनी देवळातच राहून नऊ दिवसांचे अनुष्ठान करावयाचे असे. आपल्या नवरात्राची आठवण व्हावी असाच हा योग. यात्रेकरू वाढले, देवळातील जागा पुरेना, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपल्या घरी ठेवून घेतले. नऊ दिवस संपले तरी पुष्कळ जण परतले नाहीत. त्या घरांतून शेतीत, गोठ्यात, स्वयंपाकात मदत करीत राहिले. १९३० नंतरच्या दशकात असे साडेतीन हजारांहून अधिक पाहुणे त्या गावच्या घरांतून नांदत होते. आज संख्या फार घटली असली तरी प्रथा चालू आहे.

इतक्या दूर जाण्याचेही कारण नाही. वेल्ह्याच्या उत्तरेस डोंगर ओलांडला की मुळशी तालुका लागतो. तेथे कोळवण येथे १९९४ पासून ‘साधना व्हिलेज’ ही संस्था आहे. शाळेचे वय उलटून गेलेल्या, बौद्धिक अक्षमता असलेल्या प्रौढ स्त्री-पुरुषांसाठी ती आहे. मुंबईत जय वकील शाळा १९४४ पासून, पुण्यात कामायनी १९६४ पासून, अशा शाळा मुलांसाठी निघाल्या होत्या. परंतु मूल मोठे झाल्यावर काय, हा प्रश्न उरतच होता. कोळवण येथे या मंडळींना रुग्ण न म्हणता विशेष मित्र म्हणतात. ते घराप्रमाणे एकत्र राहतात, आपापल्या परीने काम करतात. संस्थेने भोवतालच्या खेड्यांतील स्त्रिया व मुले यांच्यासाठीही काम उभे केले. त्यामुळे संस्था आणि गाव यांच्यामध्ये कुंपण न राहता येणेजाणे राहिले. आम्हांस या प्रयोगाचे मर्म येथे दिसते.

अशा संस्था हव्यातच. पण भोर-वेल्ह्याच्या प्रत्येक खोऱ्यात संस्था निघेल ही आशा व्यर्थ आहे, आणि प्रत्येक मुलास घरापासून तोडून संस्थेत नेणे इष्टही नाही. ज्या वाडीवरून एस.टी. पकडण्यासाठी तासभर पायपीट करावी लागते, तेथील आईला पुण्यातील विशेष शाळेचा काय उपयोग? तिला उपयोग आहे तो शेजाऱ्यांचा. घरातील तरुण शहरात, म्हातारी दोघे गावात आणि त्यांच्यासोबत हे मूल, असे चित्र या डोंगरी भागात पुष्कळ घरी दिसते. त्या आईबापांच्या मनात देवीपुढे हात जोडताना एकच मागणे असते, आणि ते ऐकून अंगावर काटा येतो: “आमच्या आधी याला ने.” आपल्या मुलाचे मरण जिला देवीपाशी मागावे लागते, त्या माउलीच्या शेजारी आपण राहतो, एकाच आरतीस टाळ्या वाजवितो. ज्या मुलाने वीस वर्षे गावची समई सांभाळली, ज्याचे नाव, खाणे, रुसणे, भिणे साऱ्या गावास ठाऊक आहे, त्याच्या आईचे मागणे वेगळे असू शकेल.

त्याच्या भिण्याविषयी दोन शब्द लिहिणे अवश्य आहे. स्वमग्न मुलांच्या कानांस मोठा आवाज अक्षरशः टोचतो. देवळापुढे ध्वनिक्षेपकांच्या भिंती उभ्या केल्यावर “त्याला गर्दी सोसत नाही” हे खरेच ठरते. मात्र दोष गर्दीचा नसतो. आरतीपूर्वी अर्धा तास, देऊळ शांत असता, त्याला दर्शनास नेता येते. त्याच्या सदऱ्याच्या आत नाव, गाव व दूरध्वनीचा क्रमांक लिहिलेली पट्टी शिवून टाकावी, म्हणजे जत्रेत चुकला तरी परत येईल. या मुलांपैकी अनेकांना फेफऱ्याचाही विकार असतो. अशांच्या गोळ्या उपवासाच्या नावाखाली एक दिवसही चुकवू नयेत, आणि गोंधळाच्या रात्री त्यांना जागरण घडवू नये. झोप मोडली आणि गोळी चुकली की झटका येण्याचा संभव वाढतो. औषध पाण्याबरोबर घेतल्याने व्रत मोडत नाही, असे घरातील वडीलधाऱ्यांनीच सांगितले तर सून-मुलींना बळ येईल.

दसऱ्यास गावाकडे आलेली शिकलेली मंडळी एकादशीस परत जाण्याच्या गडबडीत असतात. त्यांनी दोन दिवस रजा वाढवून शेजारच्या घरचे एक काम करून द्यावे. २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारच्या अपंगत्वांस मान्यता दिली असून बौद्धिक अक्षमता व आत्ममग्नता त्यांत आहेत. प्रमाणपत्र व ओळखपत्र यांसाठी अर्ज संगणकावरून करावा लागतो, तो म्हाताऱ्या आईबापांस जमत नाही. मग ठरल्या तारखेस तपासणीसाठी रुग्णालयात न्यावे लागते, तेही एकट्याने जमत नाही. निराधार अनुदानापासून एस.टी.च्या सवलतीपर्यंत सारे याच कागदावर अवलंबून आहे. मुलाची अठरा वर्षे पूर्ण झाली असतील आणि त्याचे व्यवहार त्याच्या वतीने कोणी पाहणे आवश्यक असेल, तर १९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्यान्वये पालक नेमण्याचा अर्ज जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पुण्यास करता येतो. आईबाप हयात असतानाच तो करावा. सोबत आधारपत्र, जन्माचा दाखला आणि छायाचित्रे लागतील. छायाचित्र भोरच्या बाजारात निघते.